आमचे हात कशाला मोजता?

जून उजाडला, शाळा भरल्या, की आमच्या भागातल्या हायस्कुलांतून 'शाळा संसदे'च्या निवडणुकीचा सोहळा सुरू होतो. उमेदवारी अर्ज, माघारीची मुदत, चिन्हांचे वाटप, प्रचार आणि शेवटी मतदान. पूर्वी पुठ्ठ्याच्या खोक्याला चीर पाडून मतपेटी करीत; आता मोबाईलवर मतदानयंत्राचे चित्र उघडतात, मूल बोटाने कळ दाबते आणि 'पीं' असा खराखुरा आवाज येतो. बोटाला शाईही लावतात. दुसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रात छायाचित्र छापून येते आणि वर मथळा असतो : 'विद्यार्थ्यांनी गिरवले लोकशाहीचे धडे'. शिक्षक म्हणून आणि पुढे मुख्याध्यापक म्हणून मी हे सोहळे पंचवीसहून अधिक वर्षे पार पाडले आहेत. त्या छायाचित्रांत कडेला उभा असलेला, चष्मेवाला गृहस्थ मीच. तेव्हा पुढे जे काही कडू बोलणार आहे, त्यातला पहिला घोट माझा आहे हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

माझे म्हणणे असे की हा लोकशाहीचा धडा नव्हे. फार तर ते पुस्तकाचे मुखपृष्ठ आहे. आणि मुखपृष्ठालाच पुस्तक समजण्याची चूक दुसऱ्या कुणी केली तर करो, आपण सीमाभागातल्या मराठी माणसांनी ती करता कामा नये.

हे शहाणपण मला ग्रंथांतून सुचले नाही. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. स्नेहसंमेलन जवळ आले होते. नववीच्या वर्गाला नाटकासाठी चाळीस मिनिटे मिळाली होती. वर्गात ४९ मुले. आमची शाळा मराठी माध्यमाची. पण गावात जवळ दुसरे हायस्कूल नाही, म्हणून घरी कन्नड बोलणारी मुलेही आमच्याकडेच येतात. या वर्गात ती अकरा होती. त्यांनी वीस मिनिटांची एक कन्नड नाटिका बसवायला घेतली होती आणि चाळीसपैकी निम्मा वेळ ती मागत होती. वर्गात वाद वाढला. मी गेलो आणि नेहमीचा तोडगा काढला. म्हटले, "हात वर करा." फळ्यावर एका बाजूला ३८ लिहिले, दुसऱ्या बाजूला ११. खाली रेघ मारली. "बहुमताचा निर्णय आहे. आता कुरकुर नको. लोकशाही आहे," असे म्हणून खडू ठेवला.

वर्ग सुटल्यावर त्या अकरांतली एक मुलगी दाराशी थांबली. रडत नव्हती, रागावलेलीही नव्हती. तिने फक्त विचारले, "सर, आमचे हात कशाला मोजलेत? आम्ही अकरा आहोत हे हजेरीपटात आहेच की."

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. जे मत आधीच ठाऊक होते ते मी विचारले होते, आणि विचारल्याचे पुण्यही पदरात पाडून घेतले होते. मतदान होण्यापूर्वी त्या मुली हरलेल्या होत्या. मतदानाने फक्त त्यांना ते सर्वांसमक्ष, हात वर करून कबूल करायला लावले.

आता वाचकांनी स्वतःला एक प्रश्न विचारावा. हेच दृश्य आकडे उलटे करून पाहिले तर? ३८ कन्नड मुले, ११ मराठी, आणि फळ्यापाशी त्यांचा हेडमास्तर. तेव्हा आपण 'लोकशाही आहे, कुरकुर नको' असे म्हणालो असतो काय? आपण सभा घेतली असती, पत्रके काढली असती, अन्याय हा शब्द वापरला असता, आणि योग्यच केले असते. १९५६ पासून आपल्या तीन पिढ्या डोकी मोजण्याचे फळ भोगीत आल्या आहेत. मग जिथे आपण थोडे तिथे बहुमत म्हणजे जुलूम, आणि जिथे आपण पुष्कळ तिथे बहुमत म्हणजे लोकशाही, हा न्याय कुठला? हैदराबाद, इंदूर, बडोदे येथल्या मराठी घरांनाही हा प्रश्न परका नसावा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चाळीसच्या दशकात एक भेद वारंवार समजावून सांगितला होता. राजकीय बहुमत निराळे आणि जन्माने ठरलेले बहुमत निराळे. पहिले आज एका बाजूला असते, उद्या माणसांची मते पालटली की दुसऱ्या बाजूला जाते. म्हणून हरलेल्यालाही आशा असते. दुसरे पालटत नाही, कारण ते मतांवर उभे नसतेच. सहल कुठे न्यायची, क्रिकेट की कबड्डी, यावर हात मोजले तर बिघडत नाही. आज क्रिकेटवाले जिंकतील, उद्या कबड्डीवाले. पण घरची भाषा, जात, धर्म यांवरून जिथे हात आधीच ठरलेले आहेत, तिथे मोजणी हा निर्णय नसतो. ती शिरगणती असते.

मग दुसरा मार्ग आहे काय? आहे, आणि तो साडेतीनशे वर्षे चालू आहे.

नई तालीमविषयी वाचीत असताना मला मार्जरी साइक्स हे नाव भेटले होते. १९२८ साली ही इंग्रज बाई शिक्षिका म्हणून मद्रासला आली. पुढे शांतिनिकेतनात राहिली आणि त्यानंतर वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात बुनियादी शाळांच्या शिक्षकांना शिकवू लागली. धर्माने ती क्वेकर होती. क्वेकर म्हणजे सतराव्या शतकात जॉर्ज फॉक्स याने इंग्लंडात उभा केलेला ख्रिस्ती पंथ. ते स्वतःला 'फ्रेंड्स' म्हणजे मित्र म्हणवतात. कॅडबरी चॉकलेट काढणारे कुटुंब याच पंथाचे. इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांना होशंगाबादजवळचे रसूलियाचे 'फ्रेंड्स रूरल सेंटर' ठाऊक असेल. १९७२ साली त्या केंद्राने 'किशोर भारती'बरोबर १६ शाळांत मुलांना स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकवायला घेतले होते. तेव्हा ही मंडळी आपल्या मुलखाला अगदीच अनोळखी नाहीत.

त्यांच्या धर्मश्रद्धेशी मला कर्तव्य नाही. मला घ्यायची आहे ती त्यांची सभेची रीत. क्वेकरांच्या कारभाराच्या सभेत मतदान होत नाही. एकदाही नाही. सभा मौनाने सुरू होते. अध्यक्ष नसतो, असतो तो 'क्लर्क', आपल्या भाषेत कारकून. तो विषय मांडतो. ज्याला बोलायचे तो उठून बोलतो, मग थोडा वेळ कुणीच बोलत नाही. आधीच्याचे बोलणे आत उतरावे म्हणून ही फट मुद्दाम ठेवलेली असते. मग दुसरा. एकाने पुन्हा पुन्हा उठायचे नाही, कुणाला खोडून काढायचे नाही. क्लर्क आपले मत बाजूला ठेवून सभेचा कल कुठे चालला आहे ते ऐकतो. कल दिसू लागला की तिथल्या तिथे, सर्वांसमोर तो इतिवृत्त लिहितो आणि वाचून दाखवतो. "असेच ना?" लोक शब्द बदलायला सांगतात, तो बदलतो. इंग्लंडातले क्वेकर मान्यता देताना 'मंजूर, मंजूर' असे ओरडत नाहीत. "अशी आशा आहे" एवढेच म्हणतात. एखाद्याला पटत नसेल तर तो म्हणू शकतो, "मला हे पटलेले नाही, पण मी वाट अडवीत नाही." ज्याची हरकत याहून खोल असेल तो वाट अडवूही शकतो. मग विषय पुढच्या सभेवर जातो.

क्वेकरांनी शाळाही पुष्कळ काढल्या. इंग्लंडातली ॲकवर्थ १७७९ची, अमेरिकेतली वेस्टटाउन १७९९ची. या सगळ्या शाळांत मुलेच कारभार करतात असे मुळीच नाही. त्यांनाही परीक्षा, शिस्त आणि पालक आहेत. पण काही ठिकाणी ही रीत मुलांच्या हाती खरोखर दिली गेली. नॉर्थ कॅरोलायनात डोंगराळ भागात १९६२ साली निघालेली आर्थर मॉर्गन शाळा अशांपैकी. सातवी ते नववीची मोजकी मुले. एकत्र राहायचे, स्वयंपाक, सफाई, दुरुस्ती सगळे मिळून करायचे, आणि शाळेच्या सभेत शिक्षक व विद्यार्थ्यांनी एकत्र बसून, मतदानाशिवाय निर्णय घ्यायचा. ज्यांचे नाव या शाळेला दिले ते आर्थर मॉर्गन १९४८-४९ साली आपल्या राधाकृष्णन आयोगाचे सदस्य होते. न्यू हॅम्पशरमधली 'मीटिंग स्कूल' ही क्वेकर निवासी शाळाही याच वाटेने चालली. १९५७ला निघाली, २०११ला बंद पडली. बंद पडली हेही मी लपवीत नाही. पण बंद पडलेल्या शाळांची यादी आपल्याकडे काय कमी आहे?

इथे कुणी सुजाण वाचक म्हणेल, "हेडसर, यात नवल काय? आमच्या सगळ्याच संस्थांचे ठराव सर्वानुमते मंजूर होतात." होय, होतात. सभेच्या आदल्या दिवशीच लिहून तयार असतात. सूचक आणि अनुमोदक यांची नावेही घातलेली असतात. चहा-चिवडा येईपर्यंत सह्या उरकतात. ग्रामपंचायतीही बिनविरोध होतात. गुजरातेत २००१ पासून 'समरस' योजनेखाली बिनविरोध गावाला सरकारी बक्षीस मिळते. पण बिनविरोध आणि एकमत यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. बिनविरोधात विरोध करणाऱ्याला आधी घरी गाठून गप्प केलेले असते. क्वेकरांच्या रीतीत गप्प बसणाऱ्याला बोलते होईपर्यंत सभा थांबते. पहिल्यात मौन हे सत्तेचे हत्यार आहे, दुसऱ्यात ते ऐकण्याचे साधन. खऱ्या एकमताचा नमुना हवा असेल तर गडचिरोली जिल्ह्यातले मेंढा (लेखा) पाहावे. त्या गोंड गावाची ग्रामसभा अनेक वर्षे बहुमताने नव्हे, सर्वांच्या संमतीने निर्णय घेत आली आहे, आणि त्याच ग्रामसभेने २००९ साली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. म्हणजे ही रीत गोऱ्यांचीच आहे असेही नाही.

आता माझ्या प्रयोगाविषयी. नाटकाचा प्रसंग घडल्यावर पुढच्या वर्षी, तीच मुले दहावीत आली तेव्हा, मी शनिवारचा एक तास काढला. विषय ठेवला स्नेहसंमेलनाच्या निवेदनाचा : ते कोणत्या भाषेत व्हावे? क्लर्क म्हणून गणितात कच्चा पण अक्षर मोत्यासारखे असलेला एक अबोल मुलगा निवडला. म्हटले, आधी दोन मिनिटे शांत बसू. मागच्या बाकावरून दबका प्रश्न आला, "सर, कोण वारलं?" सगळा वर्ग हसला. मीही हसलो. पण मग लाजलो. आमच्या शाळेत माणूस मेल्याशिवाय शांत बसायची चालच नव्हती.

पहिला तास हसण्यात गेला, दुसरा भांडणात. तिसऱ्या तासाला एक गोष्ट घडली. इतिवृत्त दोन वह्यांत लिहायचे ठरले होते. क्लर्क मराठीत लिहीत होता आणि ती दाराशी थांबलेली मुलगी कन्नडमध्ये. दोन्ही वाचून दाखवली. मराठी वहीत होते, 'कन्नड निवेदनाला सभेची हरकत नाही.' कन्नड वहीत होते, 'कन्नड निवेदन बेकु', म्हणजे हवे. कुणीतरी म्हणाले, "दोन्ही एकच की." ती म्हणाली, "एक नाही." मग पुन्हा शांतता झाली, आणि या खेपेला ती कुणाला पाळायला सांगावी लागली नाही. थोड्या वेळाने मराठी बोलणाराच एक मुलगा उठला. म्हणाला, "हरकत नाही असं घरमालक म्हणतो. हवं असं भाडेकरू म्हणतो. शाळा कुणा एकाची आहे काय?" त्याचा बाप बाजारात हमाली करतो आणि घर भाड्याचे आहे, त्याला तो फरक माझ्या एम.ए.हून चांगला कळला होता. तो संपूर्ण तास एका क्रियापदावर खर्ची पडला. शेवटी मराठी वहीत लिहिले गेले 'करू' आणि कन्नडमध्ये 'माडोण'. निवेदन दोन्ही भाषांत करू. दोन्ही शब्दांत मालकही नाही आणि मागणाराही नाही.

एका मुलाला ते पटले नाही. मराठी शाळेत मराठीच हवे, असे त्याचे म्हणणे अखेरपर्यंत कायम होते. पण तो वाट अडवीत नाही म्हणाला, आणि आपले नाव व कारण वहीत लिहायला लावले. ते लिहिले आहे. ३८ विरुद्ध ११ मध्ये कुणाचेच कारण लिहिलेले नव्हते.

अर्थात टीका झालीच. एक सहकारी म्हणाले, "सर, पोर्शन कधी संपवायचा?" एक पालक आले : "हेडसर, पोरं काय शाळेत गप्प बसायला पाठवतो काय आम्ही?" या थट्टेखाली जे गंभीर आक्षेप आहेत, त्यांना उत्तर देणे भाग आहे.

पहिला आक्षेप वेळेचा. खरा आहे, आणि मला वाटले होते त्याहून अधिक खरा आहे. १६८८ साली अमेरिकेत जर्मनटाउन या वस्तीतल्या चौघांनी, क्वेकरांनीही गुलाम बाळगू नयेत, असा अर्ज आपल्या सभेला केला. ही माणसे जर्मन-डच बोलणारी. त्यांचे इंग्रजी ओबडधोबड होते. त्यांचा अर्ज खालच्या सभेतून वरच्या सभेत, तिथून आणखी वरच्या सभेत गेला आणि बाजूला ठेवला गेला. पुढे जॉन वुलमन नावाचा एक शिंपी घरोघर, सभांसभांतून हेच सांगत हिंडला. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलाम बाळगणाऱ्याला पंथात जागा नाही असे ठरवले ते १७७६ साली. अठ्ठ्याऐंशी वर्षे! गुलामांच्या पाठीवर ही वर्षे फटक्यांनी मोजली गेली, आणि 'सर्वांचे मन वळेपर्यंत थांबा' हे वाक्य किती निर्दय असू शकते याचा तो पुरावा आहे. तो मी मान्य करतो. पण दुसरी बाजूही पाहावी. मते मोजणाऱ्या अमेरिकेने गुलामगिरी सबंध देशातून काढली १८६५ साली, सहा लाखांहून अधिक माणसे मारणाऱ्या यादवी युद्धानंतर. सावकाश चालणारे क्वेकर तिथे एकोणनव्वद वर्षे आधी आणि बंदूक न उचलता पोचले होते. आमचे तर तीन तास गेले. तीन तासांत बुडाला तो 'पोर्शन' मी दिवाळीच्या सुट्टीत जादा वर्ग घेऊन भरून काढला.

दुसरा आक्षेप : एखादे खट्याळ मूल मुद्दाम अडवून धरील. धरले. सहलीच्या सभेत एकाने निव्वळ गंमत म्हणून अडवले, आणि त्या वर्षी सहल गेलीच नाही. पालक माझ्यावर रागावले. मुले मात्र त्याच्यावर रागावली, आणि पुढच्या सभेत तो कारण असेल तरच उठला. नकाराची किंमत स्वतः मोजल्याशिवाय नकाराचा अधिकार कुणाला वापरता येत नाही. हे चौदाव्या वर्षी शिकलेले बरे, की चाळिसाव्या वर्षी पंचायतीत जाऊन?

तिसरा आक्षेप मला सर्वांत बोचतो. सभेचा कल म्हणजे हेडमास्तरांच्या भुवयांचा कल, असे एक शिक्षिका माझ्या तोंडावर म्हणाल्या. त्यांचे बरोबर आहे. मी वर्गात असेपर्यंत मुले माझ्याकडे पाहून बोलत. म्हणून मी आता वर्गाबाहेर व्हरांड्यात बसतो. तरीही भिडस्त मुलाला उघड सभेत बोलणे जड जाते, आणि तिथे गुप्त मतदान दुबळ्याचे रक्षण करते, हे मी नाकारीत नाही. म्हणून माणसे निवडताना मतपेटी ठेवावी. एकत्र कसे राहायचे हे ठरवताना ती ठेवू नये.

राहिला शेवटचा आक्षेप : देश मतदानावर चालतो, मुलांनी मतदान शिकायला नको काय? कळ दाबायला शिकण्यासाठी किती वर्षे लागतात? निरक्षर आजीही पहिल्या खेपेला बरोबर दाबते. जे शिकायला वर्षे लागतात ते निराळे आहे : नावडते बोलणे शेवटपर्यंत ऐकणे, आपले वाक्य दुसऱ्याच्या भाषेत कसे ऐकू येते ते तपासणे, हरलेल्याचे कारण वहीत लिहिणे. हे शाळेने शिकवले नाही तर कोण शिकवील? दूरदर्शनवरच्या चर्चा?

म्हणून माझी मागणी साधी आहे. आपल्या भागातल्या प्रत्येक मराठी हायस्कुलाने वर्षातून निदान चार विषय मतदानाशिवाय मुलांच्या हाती सोपवावेत, आणि त्यातला एक तरी भाषेचा असावा. ज्यांना वाटते की याने मराठी दुबळी होईल, त्यांना मी विचारतो : सातच्या सातशे मुलांनी भीतीने ऐकलेली मराठी बळकट, की अकरा परक्या घरांतल्या मुलांनी 'करू' म्हणून आपली केलेली? आणि उद्या पलीकडच्या शाळेत आपल्या अकरा मुलांचे हात कुणी मोजायला निघाले, तर आपण कोणत्या तोंडाने सांगणार की असे मोजू नका?

नाटकाचा विषय आम्ही पुन्हा काढला होता. तो सुटलेला नाही. वेळ चाळीसच मिनिटांचा आहे आणि दोन्ही बाजूंना आपले नाटक पुरे हवे आहे. ती मुले शाळा सोडून गेली, नवी आली, पण दोन्ही वह्यांत शेवटची ओळ तीच आहे : 'नाटकाचा विषय पुढील सभेत घेऊ.' डिसेंबरात सभा आहे. मी व्हरांड्यात बसणार आहे.